गाठ की फास : गळाच्या दोरीतील सांध्यांविषयी एक वाद

गळाने मासे धरणाऱ्याची दोरी लांबून एकसंध दिसत असली तरी ती निरनिराळ्या जाडीच्या आणि निरनिराळ्या द्रव्यांच्या तुकड्यांची बनलेली असते, आणि तिच्या बळाविषयीचा कोणताही प्रश्न शेवटी या तुकड्यांच्या सांध्यांवर येऊन ठेपतो. फ्लाय-फिशिंग या प्रकारात हे विशेष स्पष्ट दिसते. तेथे आमिष म्हणून पिसे व धागे गुंडाळून केलेली कृत्रिम माशी वापरतात; ती इतकी हलकी असते की स्वतःच्या वजनाने दूर जाऊ शकत नाही, म्हणून फेकीला लागणारे वजन दोरीलाच दिलेले असते. प्लॅस्टिकचा लेप असलेली ही जाड दोरी म्हणजे फ्लाय लाइन. तिच्या पुढचा, बुंध्याकडून टोकाकडे निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा म्हणजे लीडर. आणि लीडरच्या टोकाला जोडलेला, एकाच जाडीचा सर्वांत बारीक तुकडा म्हणजे टिपेट, ज्याच्या शेवटी गळ बांधतात.

अशा रीतीने तीन सांधे पडतात, आणि त्यांपैकी प्रत्येक ठिकाणी दोऱ्या थेट एकमेकींना बांधाव्यात की टोकांना कायमचे फास करून फासात फास अडकवावा, याविषयी जाणकारांत जुना मतभेद आहे. फास म्हणजे येथे ओढताच आवळत जाणारा सरफास नव्हे, तर ताणाखालीही आपले माप न सोडणारा डोळा. थेट बांधणीची बाजू घेणाऱ्यास पुढे गाठपक्ष आणि दुसऱ्यास फासपक्ष म्हटले आहे. दोघेही हाताने काम केलेले असल्यामुळे नीट बांधलेली गाठ किंवा नीट केलेला फास आपोआप सुटतो असा आक्षेप दोघांपैकी कोणीही घेत नाही.

फासपक्ष : प्रथम लाइन आणि लीडर यांच्या सांध्याचा विचार व्हावा, कारण तेथे आपल्याला अंकगणितापलीकडे काही लागत नाही. नेहमीच्या नऊ फुटी, म्हणजे सुमारे २.७४ मीटरच्या लीडरचा बुंधा साधारण ०.५३ मिलिमीटर जाड असतो आणि ट्राउट माशासाठी सर्रास वापरले जाणारे टोक ०.१५ मिलिमीटर असते. छेदाचे क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे बुंध्याचा छेद टोकाच्या बारापटीहून थोडा अधिक भरतो. फास करताना बुंध्याचे निम्मे बळ गेले असे अगदी कंजूषपणे धरले तरी उरलेले बळ टिपेटच्या सहापट राहते, आणि मासा कितीही झुंजला तरी दोरी तेथे तुटण्याआधी टोकाशी तुटणार हे ठरलेले आहे. मग जो सांधा मिनिटभरात सोडवता व जोडता येतो तो टाळून खिळे आणि नळ्या घेऊन बसण्याचे प्रयोजन काय?

गाठपक्ष : बळाचा हिशेब मान्य आहे, परंतु तो सांधा ताण सोसण्यासाठी जितका असतो तितकाच फेकीतील गती पुढे पोचवण्यासाठी असतो, याचा आपणास विसर पडतो. फेकलेली लाइन हवेत वळी घेत उलगडते, ती वळी लाइनमधून लीडरमध्ये आणि तेथून टिपेटमध्ये उतरते, आणि वाटेत जेथे दोरीचा ताठपणा एकाएकी बदलतो तेथे ती अडखळते. फासात फास अडकवला की तेथे एक बिजागरी तयार होते. नेल नॉटमध्ये लीडरचा बुंधा लाइनभोवती पाच-सहा वेढ्यांत गुंडाळून त्याचे टोक त्याच वेढ्यांखालून मागे काढतात, वेढ्यांखालची वाट मोकळी राहावी म्हणून बांधताना मध्ये खिळा किंवा बारीक नळी धरतात, आणि गाठ आवळली की लाइन व लीडर एका रेषेत, एकाच वस्तूप्रमाणे वाकतात. शिवाय लीडर काठीहून लांब असेल तर मासा जवळ आणताना हा सांधा काठीच्या टोकाच्या कडीतून आत यावा लागतो, आणि जाड फासांची जोडी नेमकी तेथे अडकते. शेवटची धडपड मासा तेव्हाच करतो.

फासपक्ष : नेल नॉट लाइनच्या लेपाला चावते, म्हणूनच ती पकडते, पण लेपाला चीर गेली की तोच लेप आतल्या गाभ्यावरून मोज्यासारखा निघून येतो. त्यातही प्रत्येक वेळी लीडर बदलताना लाइनचे टोक थोडे छाटावे लागते, आणि लाइनचा पुढचा भाग मुद्दाम निमुळता केलेला असल्यामुळे ज्या नाजूक उतरणीची आपण बाजू घेता तीच हंगामागणिक आखूड होत जाते. आता बहुतेक लाइनींच्या टोकाला कारखान्यातच वितळवून जोडलेला बारीक फास येतो. त्यात गाठच नसल्यामुळे फुगवटाही नगण्य असतो.

गाठपक्ष : त्यावर जुना उपाय आहे. जाड नायलॉनचा हातभर तुकडा लाइनला नेल नॉटने कायमचा बांधावा आणि पुढचे बदल त्या तुकड्याच्या टोकाशी करावेत, म्हणजे लाइनला हात लावावा लागत नाही.

फासपक्ष : आणि त्या तुकड्याच्या टोकाला बहुतेक लोक काय करतात, हेही सांगावे.

गाठपक्षाला येथे उत्तर देणे अवघड जाते, कारण त्या टोकाला बहुधा पर्फेक्शन लूप नावाचा फासच केलेला असतो. हा फास मूळ दोरीच्या रेषेत सरळ उभा राहतो, हा त्याचा मोठा गुण. दोन पदरी दोरीला साधी गाठ दोनदा मारून होणारा सर्जन्स लूप त्याहून बळकट असला तरी किंचित तिरपा बसतो. बुंध्याशी बळाचा प्रश्न नसल्यामुळे तेथे सरळपणाला अधिक किंमत द्यावी, हे उघड आहे.

मात्र फासपक्ष एक गोष्ट नेहमी पुरेशी स्पष्ट करत नाही. दोन फास एकमेकांत दोन रीतींनी बसू शकतात आणि त्यांतील एकच रीत बरोबर आहे. लीडरचा फास लाइनच्या फासावरून सरकवून लीडरचे दुसरे टोक लाइनच्या फासातून ओढून घेतले आणि दोन्ही फास सारख्या हाताने आवळले, तर प्रत्येक फास दुसऱ्याच्या मानेभोवती वळतो, चारही पदर सपाट आणि सममित राहतात, आणि घडण चौकोनी गाठीची, म्हणजे इंग्रजीत जिला रीफ नॉट म्हणतात तिची होते. तेच आवळताना एक फास मागे उलटला, तर तो दुसऱ्या सरळ राहिलेल्या फासाभोवती गळपट्ट्याप्रमाणे बसतो आणि बारीक दोरा जाड दोऱ्याला एका रेषेवर कापू लागतो. २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ताणानुसार रंग बदलणारे तंतू वापरून गाठींच्या स्थैर्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोरीचे एकमेकींवरचे छेद किती आहेत याच्या जोडीला शेजारचे पदर कोणत्या दिशेने सरकू पाहतात आणि पीळ कोणत्या बाजूने बसतो यांवर गाठीची पकड अवलंबून असते, असे दाखवले गेले. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन घडणींपैकी एक टिकते आणि दुसरी सरकते ती याच कारणाने. म्हणून फासाचा सांधा सोपा असला तरी तो आवळताना डोळ्यांनी पाहावाच लागतो, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात बोटांच्या भरवशावर जोडणाऱ्याने या सोपेपणावर फार विसंबू नये.

लीडर आणि टिपेट यांच्या सांध्याकडे वळताच वादाचे पारडे फिरते.

गाठपक्ष : येथे आपले अंकगणित आपल्यावरच उलटते. टिपेटची जाडी ‘एक्स’ने मोजतात आणि एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की इंचाच्या हजारांशांत जाडी मिळते, म्हणजे पाच एक्स म्हणजे एक इंचाचे ६ हजारांश, सुमारे ०.१५ मिलिमीटर. एवढ्या बारीक दोऱ्यात शिल्लक बळ मुळीच नसते. थेट बांधल्यास एका गाठीत काम होते. फास केल्यास लीडरला एक आणि टिपेटला एक अशा दोन गाठी पडतात, शिवाय दोघांची जोडणी वेगळी. संथ पाण्यात ही गुंतवळ पृष्ठभागावर रेघ ओढते, शेवाळ धरते, आणि प्रत्येक फासात वीतभर दोरा खर्च होतो तो वेगळाच.

फासपक्ष : परंतु ब्लड नॉट तरी कोणती निर्दोष आहे? दोन टोके समोरासमोर आणून प्रत्येकाने दुसऱ्याभोवती चार-पाच वेढे घ्यायचे आणि दोन्ही टोके मधल्या फटीतून उलट दिशांनी काढायची, ही कसरत थंडीने बधिरलेल्या बोटांना जमत नाही. आणि दोन्ही दोऱ्यांच्या जाडीत बराच फरक असेल तर बारीक दोरा जाड दोऱ्यात रुततो.

गाठपक्ष : जाडीत फरक असेल तर सर्जन्स नॉट आहे. दोन्ही दोऱ्या शेजारी धरून त्यांना एकत्रच साधी गाठ दोन किंवा तीन वेढ्यांची मारायची. ती थोडी वाकडी बसते, पण घाईत बांधली तरी धरते. ब्लड नॉटविषयी सांगायचे तर क्लिफर्ड अ‍ॅश्ले यांनी १९४४ सालच्या आपल्या गाठींच्या बृहद्कोशात, जेथे ३८००हून अधिक नोंदी आहेत, बारीक, ताठ आणि निसरड्या दोरीसाठी या गाठीला सर्वांत वरचे स्थान दिले आहे.

कोशकाराच्या साक्षीने वाद मिटत नाही; गाठ दोरीला दुबळी का करते, हे कळले तरच निवड करता येते. दोरी गाठीत शिरताना वळते, वळणाच्या बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात आणि आतल्या बाजूचे दाबले जातात, त्यामुळे ओढीचा भार संपूर्ण छेदावर सारखा न पडता बाहेरच्या कडेवर गोळा होतो. २००१ साली पोलंड व स्वित्झर्लंडमधील काही संशोधकांनी मासेमारीची दोरी आणि शिजवलेली स्पॅगेटी अशा दोन्हींना गाठी मारून त्या ओढल्या, तेव्हा तुटण्याची जागा गाठीच्या तोंडाशी, जेथे वाकणे सर्वांत तीव्र असते तेथे आढळली. ज्या गाठीत हे पहिले वळण सौम्य असते ती गाठ कमी बळ खाते, आणि ब्लड नॉटच्या लांबट, पिळदार घडणीचे रहस्य तेच आहे.

दुसरा धोका सरकण्याचा, आणि तो वेढ्यांच्या संख्येने आवरला जातो. खांबाभोवती गुंडाळलेल्या दोराचा ताण प्रत्येक वेढ्यागणिक ठरावीक पटीने घटतो, हे गणित १८व्या शतकात ऑयलरने मांडले. घर्षणांक ०.२ धरला तर एका पूर्ण वेढ्यात ताण सुमारे साडेतीन पटीने उतरतो आणि पाच वेढ्यांत पाचशे पटीहून अधिक; तोच घर्षणांक ०.१ असेल तर पाच वेढ्यांतही घट अवघी तेवीस पटीच्या आसपास राहते. गाठीतला वेढा स्थिर खांबावर नसून दुसऱ्या ताणलेल्या दोरीवर असतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण नायलॉनमध्ये निर्धास्त राहणारी गाठ निसरड्या दोरीत का सरकते हे त्यांवरून चांगले कळते. उलट जाड, ताठ दोरीत वेढे वाढवले तर गाठ नीट आवळतच नाही. आवळण्यापूर्वी गाठ ओली करण्याची रीतही येथलीच : कोरडे वेढे एकमेकांवर घासून जी उष्णता निघते ती कृत्रिम दोऱ्याचा पृष्ठभाग बिघडवण्यास पुरेशी असते. गाठींच्या पुस्तिकांत प्रत्येक गाठीपुढे छापलेली बळाची टक्केवारी वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की सावकाश ओढीत मोजलेला आकडा माशाच्या हिसक्याविषयी फारच थोडे सांगतो.

फासपक्ष : या सर्वांतून एक ऐतिहासिक प्रश्न उरतो. लीडरमध्ये इतक्या गाठी मुळात आल्या कोठून? आयझॅक वॉल्टन यांचा ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ साली निघाला तेव्हा दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे, आणि केस जेवढा लांब तेवढाच तुकडा मिळत असल्यामुळे गाठींवाचून गत्यंतर नव्हते. पुढे रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेला तंतू आला, ज्याचा मोठा व्यापार स्पेनमधील मुर्सियात चाले. तोही आखूडच, शिवाय बांधण्यापूर्वी भिजत घालावा लागणारा. १९३८ साली नायलॉन जाहीर झाले आणि पाहिजे तितका लांब दोरा, पुढे पाहिजे तसा निमुळता दोराही, यंत्रातून निघू लागला. ज्या गाठी द्रव्याच्या तोकडेपणामुळे आल्या त्या द्रव्य बदलल्यावरही गुणवत्ता म्हणून मिरवाव्यात, हे विचित्र आहे.

गाठपक्ष : इतिहासच काढायचा तर पूर्ण काढावा. त्याच रेशीमतंतूच्या काळात गळाला नेढे नसे. माशी एका आखूड तंतूवर कायमची बांधलेली असे, तंतूच्या दुसऱ्या टोकाला फास असे, आणि तो लीडरच्या फासात अडकवत. म्हणजे फासात फास ही आपली आधुनिक सोय गळाच्या टोकाशी शतकापूर्वीच रूढ होती. १९व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नेढ्याचे गळ प्रचारात आले, हॅम्पशायरमधील मेजर टर्ल यांच्या नावाची, नेढ्यातून जाऊन गळाच्या दांड्याला मिठी मारणारी गाठ रूढ झाली, आणि फासाची ती पद्धत मागे पडली. कारण साधे होते : तंतू झिजला की चांगली माशीही टाकून द्यावी लागे.

या देवघेवीत गाठपक्षाचे म्हणणे अधिक नेमके आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्याला वाटतो तसा नाही. सांध्याची निवड तेथे काय बदलायचे आहे यावर ठरते. बुंध्याशी अख्खा लीडर बदलायचा असतो, म्हणून तेथे सुटणारा सांधा शहाणपणाचा; गळाशी एकदा माशी बदलायची असते तर एकदा झिजलेला दोरा, म्हणून तेथे कापून पुन्हा बांधण्याजोगी गाठ लागते. लीडरच्या टोकाला दोनेक मिलिमीटरची धातूची कडी बांधून तिला टिपेट जोडण्याची तिसरी रीतही आता प्रचारात आहे. ती दोन्ही पक्षांना सारखीच नापसंत आहे, जरी नवशिक्याचा लीडर तिच्यामुळे आखूड होत नाही.

गळाच्या नेढ्याशी मात्र फास एका अगदी वेगळ्या कारणाने परत येतो.

फासपक्ष : क्लिंच नॉटने, म्हणजे नेढ्यातून काढलेला दोरा मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे देऊन नेढ्याजवळच्या फटीतून परत आणणाऱ्या गाठीने, गळ दोरीला ताठ जखडला जातो. पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक माशीला ते चालते. परंतु समुद्रातल्या जाड लीडरवर लहान माशाच्या आकाराचे आमिष असेल तर ते काठीच्या टोकाला बसवल्यासारखे हलते. तेथे नेढ्याशी मोकळा फास हवा. लेफ्टी क्रे यांनी प्रचारात आणलेल्या न सरकणाऱ्या फासात वेढ्यांची संख्या दोऱ्याच्या जाडीप्रमाणे बदलते : बारीक दोऱ्याला सात, मध्यमाला पाच-चार, फार जाडाला तीन किंवा दोन.

गाठपक्ष : हे मान्य करण्यास हरकत नाही, पण तो फास आमिषाला मोकळीक देण्यासाठी आहे, दोन दोऱ्या जोडण्यासाठी नव्हे.

फासपक्ष : मग बळासाठी केलेल्या फासाकडे पाहावे. बिमिनी ट्विस्टमध्ये दोरी दुहेरी करून तिला वीसेक पीळ देतात आणि त्या पिळांवरून मोकळे टोक उलट गुंडाळत आणतात. ताण एका तीव्र वळणावर न पडता लांबवर वाटला जात असल्यामुळे दोरीचे जवळजवळ सारे बळ टिकते. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन ही १९३९ साली स्थापन झालेली संस्था विक्रमांसाठी टिपेटचा एक ठरावीक बळाचा तुकडा मागते आणि तो गाठींच्या मध्ये किमान ३८.१ सेंटिमीटर असावा असा तिचा नियम आहे. म्हणजे दोरीतला सर्वांत दुबळा भाग नियमानेच ठरवलेला असतो. तेथे एका गाठीने दहावा हिस्सा खाल्ला तरी झुंज तेवढ्याने लहान होते, म्हणून त्या तुकड्याच्या टोकांना बिमिनी करतात. आणि बिमिनी हा फास आहे.

दुबळा भाग कोठे असावा हे आधी ठरवणे, हा या सर्व वादातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे आणि त्याचा संबंध केवळ विक्रमांशी नाही. दोरी वर, लाइनजवळ तुटली तर मासा तोंडातल्या गळाबरोबर कित्येक मीटर दोरा ओढत जातो आणि तो दोरा कोठेतरी झाडामुळांत किंवा खडकात अडकून त्याचा जीव घेतो. गळाजवळ तुटली तर गळच तेवढा राहतो. खडकाळ किनाऱ्यावर शिशाचे वजन मुख्य दोऱ्याहून कच्च्या दोऱ्याने बांधण्याची पद्धत याच विचाराची आहे : शिसे कपारीत अडकले की तेवढेच तुटावे, गळ आणि तंगूस परत यावे. कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो नायलॉनचा दोरा आणि ट्राउटचा लीडर यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असला तरी हा हिशेब दोन्हीकडे एकच आहे.

शेवटचा आणि आजही न मिटलेला वाद विणीच्या दोरीचा आहे. पॉलिएथिलीनच्या अतिबळकट तंतूंची ही दोरी जाडीच्या मानाने फार मजबूत, पण निसरडी आणि घासाला हळवी असते, म्हणून तिच्या पुढे नायलॉनचा किंवा फ्लुओरोकार्बनचा लीडर जोडावा लागतो. फ्लुओरोकार्बन पाणी शोषत नाही, पाण्यात कमी दिसते आणि कठीण असते. त्याच कठीणपणामुळे त्यावर बारीक दोरी लवकर बसत नाही.

गाठपक्ष : त्यासाठी एफजी नॉट आहे. विणीची दोरी लीडरभोवती आलटून-पालटून वीसेक वेळा गुंडाळत नेतात. लीडर मुळीच वाकत नाही, केवळ आवळला जातो, आणि सांधा इतका सडपातळ राहतो की काठीच्या कड्यांतून फेकीत अडथळ्यावाचून निघून जातो.

फासपक्ष : हेलकावणाऱ्या नावेत, वाऱ्यात, ताण एकसारखा धरून ती गुंडाळायची म्हणजे तुटलेला लीडर बदलेपर्यंत माशांचा थवा निघून जातो. विणीच्या दोरीला घरीच बिमिनीचा दुहेरी फास करून ठेवावा आणि फास बांधलेला तयार लीडर त्यात अनेक वेढ्यांनी अडकवावा. फास दुहेरी हवा. एकेरी विणीची दोरी नायलॉनला कापते.

गाठपक्ष : आणि ती जाड जोडणी कड्यांतून जाणार कशी?

फासपक्ष : जाणार नाही, लीडर काठीच्या टोकाबाहेरच राहील एवढा आखूड ठेवावा.

गाठपक्ष : सात फुटी काठीने फेक करताना टोकाबाहेर मीटरभराहून फार अधिक दोरी लोंबती ठेवली तर फेकीवर ताबा राहत नाही. ज्या माशाची लांबीच मीटरहून अधिक आहे त्याचे अंग आणि शेपूट अशा वेळी विणीच्या दोरीवरच घासणार, आणि लीडर लावण्याचा हेतू तेथेच संपला.

फासपक्ष : फेकून मासेमारी करायची असेल आणि मासा तेवढा मोठा असेल, तर एफजी नॉट घरून बांधून न्यावी, हे मान्य. चालत्या नावेमागे आमिष ओढत न्यायचे असेल तर फेक नसतेच, लीडर हवा तितका लांब सोडता येतो आणि मासा जवळ आल्यावर तो हाताने धरून ओढून घेता येतो. तेथे फासाचा सांधा सोडण्याचे कारण आपणही दाखवलेले नाही.